पडवीत मांडलेली चूल

मित्रांनो, मी एक लॅपटॉप आहे आणि जुना आहे, हे वेगळं सांगायला नको. माझी एक बिजागरी चिकटपट्टीने धरलेली आहे. कोपऱ्यातलं एक बटण कधीच उडालं आहे, आणि माझा पंखा फिरायला लागला की शेजारच्या खोलीतलं माणूस विचारतं, गिरण चालू झाली काय? तरीही माझ्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. तीत मला जो मोठेपणा मिळाला तो फुकटचा होता. चूक मात्र खरीखुरी माझी होती.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथलं मला फार आठवत नाही. हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत सरकत खोक्यात गेलो, एवढंच. मला जगाची ओळख झाली ती अलिबागला. जमिनी आणि बंगले विकणाऱ्या एका कचेरीत मी चार वर्षं काढली. शनिवारी मुंबईहून रो-रो बोटीतून गाड्या उतरायच्या, माणसं माझ्यापुढे बसायची आणि मी त्यांना अजून न बांधलेल्या बंगल्यांची चित्रं दाखवायचो. त्या चित्रांत बारमाही ऊन असायचं. माणसं वाहवा करायची आणि मी फुगायचो. मग नवा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे पडल्या पडल्या माझी बॅटरी मेली.

त्या खणातून मला चांगदेवने सोडवलं. तो त्या कचेरीसाठी ट्रकमधून विटा-रेती आणायचा. त्याच्या मुलीला, प्राप्तीला, नवी मुंबईच्या कॉलेजात एम.टेक.ला प्रवेश मिळाला होता, म्हणून त्याने मला तिच्यासाठी मागून घेतलं आणि खारेपाटातल्या आपल्या घरी आणलं. बॅटरी बदलायचं तेव्हाच ठरलं होतं. "बघू पुढच्या महिन्यात," असं करत ते राहून गेलं. वायर लावलेली असली की मी चालायचो. वायर निघाली की मेलो.

खारेपाट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. बाहेर खाडी, आत भात आणि मधे मातीचा बांध. आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. बांध फुटला की म्हणतात खांड गेली. एकदा खारं पाणी आत शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. म्हणून बांध सगळ्यांचा असतो. तो बांधायला घरटी एक माणूस येतो, मग घर श्रीमंत असो की गरीब.

प्राप्तीचा अभ्यास याच पाण्याचा. उधाण आलं की पाणी बांधावर कुठे चढेल, शेतात कुठवर जाईल, याचं गणित ती मांडायची. गणित सुटलं की कोट्यवधी आकडे निघायचे. त्या आकड्यांचं चित्र करणारा एक प्रोग्राम असतो, पण एवढं ओझं माझ्या छाताडाला कुठलं झेपणार? ते काम पुण्याच्या एका संस्थेतला महासंगणक करायचा. प्रोग्रामचा मोठा भाग तिकडे चालायचा, छोटा माझ्यावर, आणि मधे मोबाईलचं नेटवर्क. प्राप्ती माझ्या पडद्यावर चित्र फिरवायची आणि तिकडे पुण्याला शेकडो प्रोसेसर तापायचे. मी नुसती खिडकी. पण गावातली माणसं म्हणायची, "या डब्यात सगला खारेपाट हाय!" आणि मी गप्प राहायचो. फुकटचं कौतुक कोणाला नको असतं?

तो महासंगणक एकट्या प्राप्तीचा नव्हता. कोणी औषधं शोधतंय, कोणी ढग मोजतंय, असे दोन-अडीचशे लोक त्यावर काम करायचे. आधी लॉगिन नोड नावाच्या एका लहान यंत्रावर यायचं, तिथे आपलं काम लिहून द्यायचं आणि रांगेत थांबायचं. पाळी आली की आतली मोठी यंत्रं ठरावीक वेळ तुमची.

यंदा श्रावणात बांध दोन ठिकाणी खचला. एक उघाडीजवळ, दुसरा बंद पडलेल्या मिठागराच्या कोपऱ्यावर. पिठोरी अमावास्येला मोठं उधाण येणार होतं. त्याआधी पावसाची उघडीप मिळेल ती चार दिवसांची, आणि चार दिवसांत एकच जागा उंच होईल. कोणती? गावातले सगळ्यात जाणते दत्तात्रेयनाना म्हणाले, उघाडी. दहा वर्षांपूर्वी खांड तिथेच गेली होती. प्राप्ती म्हणाली, मिठागराचा कोपरा. नाना रागावले नाहीत. रविवारी बैठक आहे, तोवर चित्र दाखव, मग बोलू, म्हणाले. त्यांची स्वतःची दोन एकरं त्याच बांधाआड होती आणि चांगदेवची दीड.

बुधवारी सकाळी प्राप्तीने काम रांगेत लावलं. दुपारी तीनला पाळी आली, दोन तासांची. चित्र हळूहळू उमटायला लागलं, बांधाची रेघ दिसली, खाडी दिसली आणि लाईट गेली. माझ्यात धुगधुगीसुद्धा नव्हती. मी पटकन मेलो. मित्रांनो, वाईट एवढंच झालं नाही. इकडची खिडकी बंद झाली की तिकडचा प्रोग्राम समजतो, माणूस उठून गेलं, आणि तोही आवरतो. पाळी गेली. आता रांगेत उभं राहायचं ते पुन्हा शेपटाला. मी शरमेने काळा पडलो होतो, पण बंद पडद्याचा काळा आणि शरमेचा काळा कोणाला वेगळा दिसतो?

गुरुवारी रांग मोठी होती. पाळी सोमवारी येईल असं दिसत होतं. प्राप्तीने बराच वेळ नखं कुरतडली आणि मग जे करायचं नाही तेच केलं. तिने सगळा प्रोग्राम लॉगिन नोडवरच चालू केला. अडीचशे माणसांची ये-जा असलेलं ते लहान यंत्र तिच्या आकड्यांखाली दबून गेलं. कोणाला आत येता येईना, कोणाचं लिहिलेलं पुसलं गेलं. दहा मिनिटांत तिचं खातं बंद झालं आणि कारण विचारणारी मेल आली.

प्राप्ती जेवली नाही. चांगदेव ट्रक घेऊन म्हसळ्याकडे गेला होता. घरात होती सगुणाआत्या, चांगदेवची मोठी बहीण. तरुणपणी तिने मिठागरात मीठ ओढलं होतं आणि आता शेती बघायची. माणसाच्या पोटातलं काढून घेण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. तिने सगळं ऐकून घेतलं. नोड काय, रांग काय, हे तिने दोनदा विचारलं.

"म्हंजे रांधायचं आत, आनि तू पडवीतच चूल मांडलीस," ती म्हणाली. "येनाऱ्या-जानाऱ्याच्या डोल्यांत धूर."

प्राप्तीने मान हलवली. तिला रडू फुटलं. गावासाठीच केलं होतं ना मी, म्हणाली.

आत्याने तिला जवळ घेतलं, पण तेवढ्यावर सोडलं नाही. तिने गावची रीत सांगितली. कोणी आपल्या एकट्याच्या शेतासाठी न विचारता उघाडी उघडली, तर गाव त्याला दंड करत नाही. त्याने घरोघर जायचं आणि उंबऱ्यात उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की मी उघडली. एवढंच. दंड परवडला, पण ते नको, असं माणसांना वाटतं.

प्राप्तीने डोळे पुसले आणि माझ्यासमोर बसली. माफी मागायला तिला फक्त तिथल्या ओंकार नावाच्या व्यवस्थापकाला लिहिता आलं असतं. तिने त्या अडीचशे जणांना लिहिलं. आज तुमचं काम अडलं ते माझ्यामुळे. घाई होती, कारणही खरं होतं, पण पाळी तुमची होती. मी पडवीत चूल मांडली. पाठवायच्या आधी तिने ते आत्याला वाचून दाखवलं. 

शुक्रवारी संध्याकाळी ओंकारचं उत्तर आलं. खातं उघडलं होतं. रांगेत पुढे सरकवणार नाही, असं त्याने स्पष्ट लिहिलं होतं. पण एक गोष्ट शिकवली. चित्र समोर बसून कशाला काढायचं? काय काय काढायचं ते आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेव आणि यंत्रं थोडी माग, म्हणजे दोन मोठ्या कामांच्या मधल्या मोकळ्या फटीत काम बसेल. पाळी आली की महासंगणक चित्रं काढून ठेवेल. तुझा लॅपटॉप चालू असो वा नसो.

चालू असो वा नसो! हे वाचून मला लागलं, खोटं कशाला बोलू? पण शनिवारी तीनदा लाईट गेली, मी तीनदा मेलो आणि चित्रं तरी तयार झाली. रविवारी सकाळी ती माझ्यात उतरली.

बैठक शाळेत होती. मला वायर लावून टेबलावर ठेवलं आणि एकेकजण येऊन बघू लागलं. बांधाजवळ घर असलेल्या मनुबाईने बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सगळी शेतं निळी! सगळं बुडालं! प्राप्ती गडबडली. त्या प्रोग्रामची रीत अशी, की कमी ते निळं आणि जास्त ते लाल. निळं म्हणजे कोरडं होतं आणि मिठागराच्या कोपऱ्याआड खोल पाणी लालभडक होतं. ही रीत तिच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती बदलावी हे तिला सुचलंच नाही. आणि आता रंग बदलायचे तर पुन्हा पुणं, पुन्हा रांग.

"पानी लाल कवा आस्तं?" नाना म्हणाले. माणसं हसली. दोघं-तिघं उठायलाही लागली.

सगुणाआत्या मागून म्हणाली, "रंग ऱ्हाऊ दे गो. तुला वाचता येतं ना? मग वाचून दाखव."

प्राप्तीने दुसरं चित्र उघडलं. तपासून बघण्यासाठी तिने दहा वर्षांपूर्वीचं उधाणही मांडलं होतं. रंगावर बोट ठेवून, बाजूच्या पट्टीवरचा आकडा बघून ती म्हणाली, त्या वर्षी मनुबाईच्या अंगणात दीड फूट पाणी होतं. उठायला लागलेले परत बसले. मनुबाई उठली आणि तिने गुडघ्याच्या जरा खाली हात लावला. कोणीतरी टेप आणली. एकोणीस इंच भरले. एका इंचासाठी कोणी भांडलं नाही.

मग नानांनी एकेका शेताचं नाव घेतलं आणि प्राप्ती सांगत गेली. शेवटी तिने यंदाचं चित्र लावलं. "नाना, तेव्हा उघाडीचं दार मोडकं होतं. आता नवं आहे. पण मिठागर बंद पडल्यापासून त्या कोपऱ्यावर कोणी मातीच घातली नाही. तो दोन फूट बसलाय."

नानांनी लाल कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "आनि चुकलीस तर?"

"तर घरोघर येऊन सांगेन," प्राप्ती म्हणाली.

सोमवारपासून कोपऱ्यावर चिखलाची ढेकळं हातोहात जाऊ लागली. घरटी एक माणूस. पहिलं ढेकूळ नानांचं.

आता तात्पर्य आधीच सांगून टाकतो, कारण शेवट ऐकल्यावर तुम्ही थांबणार नाही. मित्रांनो, आपली एकट्याची वस्तू आपण जपतोच. जी सगळ्यांची असते तिच्यापाशी पाळीने उभे राहा आणि चुकलात तर स्वतः सांगा. आणि हो, घरातल्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी पुढच्या महिन्यावर टाकू नका.

अमावास्येला दुपारी पाऊणच्या सुमाराला उधाण आलं. मी घरीच होतो; पुढचं सगळं मला आत्याकडून कळलं. कोपऱ्यावर सगळं गाव उभं होतं. पाणी नव्या मातीला भिडलं, चढत चढत माथ्याच्या चार बोटं खाली आलं आणि तिथेच कितीतरी वेळ हलत राहिलं. मग उतरायला लागलं. पण मातीखालून झिरपलं असेल तर डोळ्यांना दिसत नाही. प्राप्ती बांधावरच बसली होती. तिच्याने खाली बघवत नव्हतं. नाना एकटे शेतात उतरले, भाताच्या बुडातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि जिभेला लावलं.  मग ओंजळ तशीच धरून वर आले आणि तिच्यापुढे केली.

"गोड हाय गो," ते म्हणाले. "तू पन चाख."