किंकाळी कुणाची

अविन न ओरडता मगर झाला. त्यांच्या गावात पोराची पाठ मगरीच्या खवल्यांसारखी चिरली, की तो पुरुष ठरतो आणि त्याला मगर म्हणतात. पाठीवर खवल्यांच्या चिरा पडेपर्यंत पोरानं ओठ हलवला नाही. किंचाळला तो वोलिंबी, त्याचा सख्खा मामा. रीतीप्रमाणे पुरुषांच्या घरात भाच्याला मांडीत घट्ट धरायला बसला होता. पहिलीच चीर पाहून किंचाळला आणि आडवा झाला.

पण असं काही घडलंच नाही. पुरुषांच्या घरातलं बाहेर सांगायचं नसतं. सांगायचं नाही, म्हणजे झालंच नाही.

शुद्धीवर आला तेव्हा वोलिंबीचं डोकं भाच्याच्या मांडीवर होतं. रक्तानं भिजलेला अविन विचारत होता, "मामा, पाणी देऊ?"

"राहू दे," म्हातारा पालिंगावी म्हणाला. "मगरीनं बेडकाला पाणी पाजायचं नसतं."

जखमा भरल्या. नवे मगर गावासमोर आणायचा दिवस उजाडला. पूर्वजाचा मुखवटा घालायची पाळी नेमकी वोलिंबीची. निदान तोंड तरी झाकलं जाईल, म्हणून त्याला बरंच वाटलं.

बायका वाटेवर दुतर्फा उभ्या होत्या.

"हाच ना गं तो?" कगात्स म्हातारीनं अविनकडे बोट दाखवलं. "बासऱ्या-ढोलांच्या वरताण ओरडला मेला! माझी माशांची टोपली पडली नदीत. मिंजे, तुझ्या लेकाला परत घेऊन जा, बायकांत साबूच्या झाडाचा गर धुवायला बसव."

बायका फिदीफिदी हसल्या. मिंजेनं, वोलिंबीच्या बहिणीनं, मान खाली घातली. अविन तसाच पुढे चालत राहिला. मगर झालेल्यानं आतलं बोलायचं नसतं.

'अगं, तो मी होतो,' असं वोलिंबीच्या अगदी ओठांवर आलं. पण मुखवट्यातून बांबूच्या नळीनं फक्त पूर्वजाचा हुंकार काढायचा असतो. त्यानं सगळी लाज एकवटून हुंकार काढला.

"बघा बघा," कगात्स म्हणाली, "पूर्वजसुद्धा हसतायत पोराला!"

दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या घरात वोलिंबीनं, भाषणाआधी रीत असते तशी, चौरंगावर पानांची जुडी आपटली. घसा खाकरला.

"पूर्वजांनो, थोरल्यांनो आणि जे झालंच नाही त्याला हजर असलेल्या सर्वांनो! नम्र विनंती अशी, की पुढच्या खेपेस मला पोरांच्या रांगेत बसवून नव्यानं मगर करण्यात यावं. मला धरायला मामा म्हणून माझा भाचा अविन यास नेमण्यात यावं. आणि गावातल्या समस्त बायकांना आवाज ओळखता यावा, यासाठी माझी पाठ चिरून होईपर्यंत किंकाळ्या झाकणाऱ्या बासऱ्या व ढोल कृपया बंद ठेवण्यात यावेत."