दोनशे अक्रोडांची काहील

मित्रांनो, शेडच्या भिंतीवर उलटी टांगलेली, बाहेरून धुराने काळी आणि आतून चांदीसारखी पांढरी, ती मी. तांब्याची काहील. मला दोन कान आहेत, तोंड नाही. तरी आज बोलते, कारण तोंड असलेल्यांनी एकदा काय घोटाळा करून ठेवला तो मी जवळून पाहिला आहे.

माझ्या अंगात एकही सांधा नाही, हे आधी सांगून ठेवते. माझी मालकीण पेर्सिदा, तिच्या सासऱ्याने मला करवून घेतली. तांबटाने एकाच पत्र्यावर अकरा दिवस ठोके घातले. बाराव्या दिवशी त्याने मला बोटाने वाजवले, कान लावून ऐकले आणि आणखी एक दिवस ठोकले. हल्लीची ॲल्युमिनियमची पातेली दोन हंगामांत पोचे पडून बसतात आणि वर चमकतातही. मी त्यांच्याशी बोलत नाही.

पूर्वी मी वर्षातून दोनच दिवस चुलीवर चढत असे, घरापुरती. मग गावातली सूतगिरणी बंद झाली. पेर्सिदा तिथे बावीस वर्षे चात्यांवर उभी होती. फाटकाला कुलूप लागले त्या दिवशी ती घरी आली, डोक्याचा रुमाल सोडला आणि मला खिळ्यावरून खाली उतरवले. ती रडली नाही. रडली असती तर मला बरे वाटले असते. तिने मला राखेने घासायला घेतले ते अंधार पडेपर्यंत घासले. दुसऱ्या दिवशी माझ्यात आयवार शिजत होते, आणि ते विकायचे होते.

आयवार म्हणजे काय, तर लांबट, जाड गराच्या गोड लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, निथळत ठेवायच्या, वाटायच्या आणि तेलात चार तास घोटायच्या. लाकडी उलथणे तळाशी ओढले की मागे वाट राहिली पाहिजे आणि ती लगेच बुजता कामा नये. पेर्सिदाची वाट सगळ्यांत जास्त वेळ राहते. समोरच्या घरातली विदोसावा हे मान्य करणार नाही. करू नये. तिच्या चटणीत वांगे असते, एवढेच मी म्हणेन.

पेर्सिदाचे पाहून गल्लीत एकेक चूल पेटली. मोरावा नदीच्या काठची आमची गल्ली, बारा घरे, बारा धंदे. सप्टेंबर लागला की बारा धुराडी एकदम सुटतात, आणि पुलापलीकडचा माणूससुद्धा भूक लागली म्हणून घरी जातो.

पण मित्रांनो, खरी गोष्ट सप्टेंबरची नाही, फेब्रुवारीची आहे.

बरण्या फेब्रुवारीत मागवाव्या लागतात. काचेचा कारखाना लांब आहे. तो एका घरासाठी भट्टी लावत नाही. म्हणून संत त्रिफुनाच्या दिवशी पुरुष द्राक्षवेली छाटून, वेलीच्या बुडाशी वाइन ओतून परततात आणि बाराही घरे पेर्सिदाच्या अंगणात जमतात. मला चुलाण्यावर सरळ बसवतात. शेजारी अक्रोडांची टोपली. एक अक्रोड म्हणजे शंभर बरण्या. ज्याला यंदा जेवढे वाटते तेवढे अक्रोड त्याने माझ्यात टाकायचे, सगळ्यांसमोर, एकेक करून. टाकलेला परत काढायचा नाही. दोनशे अक्रोड झाले की एक ट्रक भरतो.

त्या दिवशी मिरचीचे बी अजून काडेपेटीत असते. जमीन गोठलेली असते. गारा पडतील की नदी चढेल, कोणाला ठाऊक नसते. आणि ही माणसे न उगवलेल्या मिरचीसाठी काच मागवतात. माझ्यात धग मावते, उकळते तेल मावते. पण पहिला अक्रोड तळावर टण्णकन वाजतो तेव्हा माझ्या कडेला जो काटा येतो तो आगीनेही येत नाही. इतक्या वर्षांत त्याची मला सवय झाली नाही.

आता घोटाळा ऐका.

त्या वर्षी जानेवारीत जिल्ह्याच्या व्यापारी मंडळाची एक मुलगी कागद घेऊन आली. बावीस-तेवीस वर्षांची, नाकाचा शेंडा थंडीने लाल. पेर्सिदाने तिला शेडमध्ये शेगडीजवळ बसवले आणि हातात गरम चहा दिला.

"मावशी, फार वेळ घेत नाही," मुलगी म्हणाली. "येत्या वर्षात आपल्या भागातला धंदा कसा राहील असं वाटतं? खूप चांगला, चांगला, जसाच्या तसा, वाईट, खूप वाईट. एकावर खूण करायची."

पेर्सिदाने टेबलाच्या खालच्या अंगाला बोटांनी तीनदा टकटक केली. "खूप वाईट."

"गेल्या वर्षीचा सगळा माल गेला ना तुमचा?"

"हळू बोल गं. कोण म्हणालं?"

"बरं. यंदा नवीन माणूस कामाला ठेवणार?"

"मीच टिकले तरी पुष्कळ."

तेवढ्यात बाहेरून दगडावर थापी आपटल्याचा आवाज आला. पेर्सिदाचा नवरा रांजेल दुसरे चुलाणे बांधत होता. मुलीने दारातून मान काढली. "मग हे काय बांधताय?"

"कोंबड्यांना," पेर्सिदा म्हणाली.

"धुराड्यासकट?"

"गारठतात बिचाऱ्या."

रांजेलने वर पाहिले नाही. तो दिवसाला चार शब्द बोलतो, आणि त्यांतले दोन कुत्र्याशी.

पेर्सिदा खोटारडी नव्हे, मित्रांनो. आमच्याकडे बरे चालले आहे असे तोंडाने म्हणत नाहीत. म्हटले की दृष्ट लागते. गाय आटते, जावई परत येतो. "कसंबसं" म्हणायचे, लाकूड वाजवायचे आणि कामाला लागायचे. मुलगी बाराही घरी गेली, आणि बाराही घरांनी तिला बसवून, खाऊ घालून हेच सांगितले. तिचा काय दोष? तिने ऐकले ते लिहिले.

फेब्रुवारी लागताच ते वर्तमानपत्रात आले. साऱ्या जिल्ह्यात सर्वांत कमी भरवसा आमच्या खोऱ्यातल्या धंदेवाल्यांना. पेर्सिदाला वाचायला वेळ लागतो. तिने शेडमध्ये बसून बोट ठेवून ते दोनदा वाचले. मग उठून पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवले.

"अरे रांजेल, मी म्हटलं ते म्हणायचं म्हणून. पण ही सगळीच म्हणतात. म्हणजे त्यांचा धंदा खरंच बसलाय."

हाच तो घोटाळा. आपण खोटे बोललो हे प्रत्येकाला माहीत होते. शेजारीही तसाच बोलला असेल हे एकाच्याही मनात आले नाही.

काचेच्या कारखान्यातही वर्तमानपत्र येते. तिथून फोन आला. दरवर्षी ते अर्धा ट्रक वसंतात धाडत आणि उरलेला उन्हाळ्यात. यंदा म्हणाले, तुमचे तुम्हालाच खात्रीचे वाटत नाही तर आम्ही भट्टी का अडकवू? त्रिफुनाच्या दिवशी एकदम पूर्ण ट्रक सांगा, नाहीतर तुमची पाळी सरबतवाल्यांना देतो.

बरण्या नाहीत म्हणजे हंगाम नाही. पेर्सिदाचा मुलगा परदेशात, लिंट्सला असतो. तो तीन वर्षे म्हणत होता, आई, इकडे या दोघे. शहरातला एक हॉटेलवालाही येऊन मला पाहून गेला होता. त्याला मी दारात हवी होते, जिरेनियमची फुले लावायला. मला. सांधा नसलेलीला.

"त्रिफुनाला बघू," पेर्सिदा हॉटेलवाल्याला म्हणाली होती. "ट्रक भरला तर नाही. नाही भरला तर घेऊन जा."

दरवर्षी त्रिफुनाच्या आधी आसिम कल्हईवाला येतो. यंदाही तो सायकलला कथील बांधून आला. पेर्सिदाने त्याला दारातूनच परत पाठवले. फुलांना कल्हई लागत नाही. त्या दिवशी मी प्रथमच घाबरले.

त्रिफुनाचा दिवस उजाडला. बारा घरे जमली, राकियाचे, फळांच्या कडक दारूचे छोटे पेले फिरले, पण कोणी कोणाकडे पाहत नव्हते. जणू सगळे कोणाच्या तरी मयताला आले होते आणि मयत कोणाचे ते ठरायचे होते. कोपऱ्यावरच्या घराचा नेगोस्लाव दरवर्षी अठरा टाकतो. त्याने नऊ टाकले आणि घसा खाकरला. पुढच्याने सात. कल्हई नसलेल्या माझ्या तळावर अक्रोड बद्द वाजत होते, वाळूवर पडावे तसे. दहा घरांचे मिळून चौऱ्याण्णव झाले. विदोसावा आणि पेर्सिदा उरल्या.

विदोसावा हात बांधून उभी होती. "तू टाक आधी. अंगण तुझं आहे."

पेर्सिदा माझ्याजवळ आली आणि आत वाकून पाहू लागली. तिचा चेहरा मला तळातून दिसतो. इतक्या वर्षांत कोणाचाच एवढा पाहिलेला नाही. तिने टोपलीला हात लावला नाही.

"नेगोस्लाव, तुझी शेवटची बरणी कधी गेली?"

"आता ते कशाला काढतेस?"

"विचारलं तेवढं सांग."

"नाताळाआधी," तो पुटपुटला, आणि बाकाचे लाकूड वाजवले.

"आणि त्या पोरीला काय सांगितलंस?"

नेगोस्लावने पेल्यात पाहिले. कोणीतरी हसले.

मग पेर्सिदाने काय केले ते ऐका. तिने माझ्या कडेवर दोन्ही हात ठेवले. तांब्यावर, हाताशी लाकूड नव्हते आणि तिने शोधलेही नाही. ती म्हणाली, "माझं गेलं साल चांगलं गेलं."

गिरणी बंद पडलेली पाहणाऱ्या, वीतभर बाईच्या तोंडून हे निघाले. बासष्ट वर्षांत तिने मुलगा झाला तेव्हाही "ठीक आहे" एवढेच म्हटले होते. नेगोस्लावच्या बायकोने घाईघाईने क्रूसाची खूण केली.

"चांगलं गेलं," पेर्सिदा पुन्हा म्हणाली. "त्या पोरीशी मी खोटं बोलले. कोंबड्यांना कोणी चुलाणं बांधतं का? आणि येतं सालही चांगलं जाईल. आता लागायची ती दृष्ट मला लागू दे. तुम्ही मोकळे."

तिने टोपली ओढली आणि टाकू लागली. पंधरा झाले; ती दरवर्षी तिथे थांबते. थांबली नाही. वीस. एका खेपेला माझ्यात सत्तर बरण्यांचा माल होतो. मी मनात हिशोब केला आणि माझे कान गरम झाले. तीस टाकून तिने हात झटकले.

विदोसावाने दोन्ही हात सोडले. "तीस? त्या पातळ रश्शाला तीस?"

"माझी वाट टिकते. तुझी तू बघ."

"सरक. माझ्याला एकतीस." आणि विदोसावाने एकतीस टाकले, एकेक, मोठ्याने मोजत, शेवटचा पेर्सिदाच्या नाकासमोरून.

मग नेगोस्लाव उठला. "चुकून अर्धेच टाकले मघाशी," तो म्हणाला, "डोळे अधू झालेत." त्याच्यामागे दुसरा, तिसरा. ढीग तळापासून वर चढला. आता अक्रोडावर अक्रोड पडत होता आणि आवाज मऊ झाला होता, तरी मी तो अंगभर ऐकत होते. काल ज्यांना शेजाऱ्याचा भरवसा नव्हता ती हीच माणसे.

मोजले. एकशे सत्त्याण्णव.

प्रत्येकाने आपल्या ताकदीइतके टाकले होते. आणखी टाकायला ना घरात चूल होती ना हात. पेर्सिदाने एप्रनला हात पुसले आणि मी जिरेनियमचा विचार करू लागले.

तेव्हा रांजेल पुढे आला. त्याने कोटाच्या खिशातून तीन अक्रोड काढले, खायला घेतलेले, आणि एकामागून एक माझ्यात सोडले.

"हे कोणाच्या नावे?" विदोसावाने विचारले.

"कोंबड्यांच्या," रांजेल म्हणाला.

आसिम दुसऱ्याच दिवशी आला. त्याने मला निखाऱ्यांवर तापवले, नवसागर टाकला, कथील वितळवून कापसाने फिरवले, आणि पांढरी लाट माझ्या पोटातून सरकली. ट्रक मार्चमध्ये आला. गारा पडल्या, पण पलीकडच्या खोऱ्यात. सप्टेंबर ते नोव्हेंबर मी आणि दुसऱ्या चुलाण्यासाठी आणलेली नवी ॲल्युमिनियमची पोरगी, आम्ही दोघी अखंड तापलो. ती बरी निघाली. बोलते मी आता तिच्याशी. सगळा माल नाताळाआधी गेला असे सांगेन तर ती फुशारकी होईल. पेर्सिदाच्या शेवटच्या बरण्या ईस्टरला गेल्या, विदोसावाच्या त्यानंतर आठवड्याने. पण लिंट्सला कोणी गेले नाही.

मधल्या जानेवारीत ती मुलगी पुन्हा आली होती. तोच कागद. पेर्सिदाने पाचही उत्तरांवर बोट फिरवले.

"'वाईट' लिही," ती म्हणाली.

"मागच्या वर्षी 'खूप वाईट' होतं, मावशी."

"मग? एवढं सांगतेय ते कमी आहे का?" आणि तिने टेबल तीनदा वाजवले.

तर मित्रांनो, मला शाळा नाही, पण एवढे कळते. तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने भांडे टांगलेले असेल. पीक आले की बघू, गिऱ्हाईक लागले की घासू, असे म्हणून त्याला कळकू देऊ नका. माणसे घाबरली की आधी भांड्याची कल्हई थांबवतात, आणि कल्हई थांबली की उद्या शिजवायचे मनातूनच जाते. जमीन गोठलेली असतानाच त्याला उतरवा, घासा, आतून उजळा. मग एक अक्रोड टाकून बघा. तळ स्वच्छ असेल तर तो असा वाजतो की सगळ्या गल्लीला ऐकू जातो, आणि पलीकडच्या घरातला कोणीतरी आपली टोपली शोधायला उठतो.