चार लिंबं

अभिनय म्हणजे माणसाने मरणावर मिळवलेला विजय, असं थेल्मा ऑर्डवे गेली साठ वर्षं प्रत्येक मुलाखतीत सांगत आली होती. स्वतः ती पडद्यावर एकोणचाळीस वेळा मेली होती. त्यात दोनदा जहाजावरून पडून आणि एकदा मशरूमचं सूप पिऊन.

आता एक्क्याऐंशीव्या वर्षी तिला मरणाची फिकीर नव्हती, वाक्यांची होती. रात्री पाठ केलेली वाक्यं सकाळी बरबँकच्या स्टुडिओत पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी उतरून जात. मागच्या महिन्यात एका साध्या 'सुप्रभात'साठी अकरा टेक झाले. तेव्हापासून दिग्दर्शिका किंबल तिच्याशी फार गोड बोलायला लागली होती, आणि या धंद्यात गोड बोलणं हे वाईट लक्षण. मालिकेतली अकरा वर्षं चाललेली मावशी बेसची भूमिका हातची जाऊ नये म्हणून आजचा प्रसंग पहिल्या फटक्यात व्हायलाच हवा होता.

प्रसंग सोपा होता. मावशी बेस आठवडाभर बहिणीकडे बसने ओहायोला निघाली आहे, स्वयंपाकघरात भाच्याचा निरोप घेते. चार वाक्यं. टेबलावर लिंबांचं भांडं होतं. थेल्माने चार लिंबांवर चार वाक्यं पेनाने लिहून अक्षरं आपल्याकडे वळवून ठेवली.

हे फक्त गसला ठाऊक होतं. गस पेट्राकिस सेटवरच्या सामानाचा माणूस, तिच्याच जमान्यातला.

"पुढच्या भागाला कलिंगड आणू का?" त्याने हळूच विचारलं. "मोठी भाषणं मावतील."

"तू आपला तुझी भांडी पूस," थेल्मा म्हणाली. "आणि बघ, पाठीत काय टोचतंय?"

"चिमटे. झगा ढगळ होतोय म्हणून मागून आवळलाय. हलू नकोस, सुटतील."

कॅमेरा सुरू झाला. थेल्माने पहिल्या लिंबाकडे पाहिलं.

"फ्रीजमध्ये सूप आहे, तीन दिवस पुरेल."

दुसरं लिंबू. "मांजराला दूध देऊ नकोस, त्याचं पोट बिघडतं."

इथे भाच्याचं काम करणाऱ्या ब्रेंटला नैसर्गिक अभिनयाची हुक्की आली. त्याने भांड्यातलं एक लिंबू उचललं आणि या हातातून त्या हातात खेळवत उभा राहिला. नेमकं तिसरं.

थेल्मा भांड्यातल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. डोक्यातही तेवढीच मोकळी जागा होती.

"मला आणखी काहीतरी सांगायचं होतं," ती शेवटी म्हणाली. "महत्त्वाचं होतं. आता आठवत नाही." मग तिने ब्रेंटच्या गालाला हात लावला. "असू दे. अंगणातला दिवा चालू ठेव."

ब्रेंटचं लिंबू हातातच थांबलं. थेल्माने चौथं वाचलं. "तोवर घर सांभाळ."

"कट," किंबल म्हणाली. तिचे डोळे ओले होते. "मिस ऑर्डवे, अप्रतिम. परत येण्याचं वाक्य गाळलंत ते फार बरं केलंत. लेखकमंडळीही सकाळी तेच म्हणत होती."

वाचले, असं थेल्माला वाटलं. ते साधारण चार सेकंद टिकलं.

कारण सहायक दिग्दर्शकाने पुढे येऊन जाहीर केलं, "मंडळी, मिस थेल्मा ऑर्डवे यांचं काम पूर्ण झालं." आणि सगळा सेट टाळ्या वाजवायला लागला. दिवेवाले शिडीवरून, रंगभूषेच्या मुली दारातून.

रोजचं काम संपलं की सेटवर कुणी टाळ्या वाजवत नाही. नट मालिकेतून कायमचा गेला की वाजवतात. थेल्माने स्वतः कितीतरी जणांसाठी वाजवल्या होत्या, आणि वाजवताना घड्याळही पाहिलं होतं.

म्हणजे चाळिसावं मरण ओहायोत होतं. तेही बसच्या तिकिटाने.

गस टाळ्या वाजवत नव्हता. पुसलेलीच बशी पुन्हा पुसत होता.

"मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल," ब्रेंट पुटपुटला आणि लिंबू तिच्या हातात ठेवलं. त्यावर तिच्याच अक्षरात होतं, 'आठवड्याभरात परत येईन.'

टाळ्या थांबल्या. सगळे तिच्याकडे बघू लागले. अशा वेळी चार शब्द बोलायची रीत असते. थेल्माने घसा साफ केला, मान ताठ केली.

"गस," ती म्हणाली, "तो पाठीतला खालचा चिमटा तेवढा काढ."