पेस की पेस्कादो

सांज कलत होती. स्पेनच्या किनारी, कादिसच्या समुद्रावर केशरी, केतकी, कुंकुमी उजेड लाटेलाटेवर लोळत होता. त्या सुवर्णस्नात गच्चीत उभा राहून विश्राम तोरसकर बायकोला म्हणाला, "स्पॅनिश म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ गो, वैजू! मासा म्हणजे पेस. गेलो नि आलो."

गेला नि आला. हाती पाण्यानं फुगलेली पिशवी. पिशवीत मासा. प्रवाळवर्णी, पारदर्शपुच्छ, बोटाएवढा. जिवंत.

वैजयंतीच्या मुखावरून सांज सरकली. "अहो, याला कापू की याचं बारसं करू?"

"मी पेस मागितला. कोळीण हसली नि तिनं समोरच्या शोभेच्या माशांच्या दुकानात धाडलं. म्हणे, पाण्यात पोहतो तो पेस. ताटात येतो तो पेस्कादो."

"आणि आपल्या मालवणात?"

"दोन्ही मासाच."

दार वाजलं. दोन्या रेमेदियोस जेवायला आल्या. घरमालकीण, कृष्णवसना, वज्रनयना. जेवून झाल्यावर त्या ठरवणार होत्या, तोरसकरांना हे समुद्रमुखी घर आणखी वर्षभर द्यायचं की नाही. त्यांची अट एकच: घरात पाळीव प्राणी नको.

मासा पातेल्यात गरगरत होता. दोन्या रेमेदियोस वाकल्या. काळा पंखा मिटला. समुद्रही जणू श्वास रोखून राहिला.

"हा पेस," त्यांनी विचारलं, "की पेस्कादो?"

पेस म्हणावं, तर घर जातं. पेस्कादो म्हणावं, तर हा इवला, लालसर, लुकलुकता जीव जातो. वैजयंतीनं डोळे मिटले. विश्रामच्या कपाळावर घाम आला. थेंब थेंब, मोती मोती.

"पेस्कादो!" तो म्हणाला.

"छान. मग तळा," म्हणत त्यांनी मांडीवर रुमाल पसरला.

विश्रामनं मासा कालथ्यावर घेतला. तेल तापलं, तडतडलं. कालथ्यावरून मासा उसळला, अग्निशिखेसारखा, उल्केसारखा, आणि शेजारच्या सोलकढीत पडला. गुलाबी सोलकढीत लाल मासा संथ, सुरेख पोहू लागला.



"पेस," दोन्या रेमेदियोस म्हणाल्या, आणि घराच्या किल्लीसाठी त्यांनी तळहात पुढे केला.

मालवणच्या पंगतीत पुढे आलेल्या तळहातावर सोलकढी वाढतात. विश्रामनं वाढली.

मासा आधी पडला.