चिमट्याची नवमी

सरका हो, जरा पुढं सरका. मागं भिंतीला टेकलेलेही जवळ या, ही गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. पवनीच्या धनीरामची आहे. बंब दुरुस्त करणाऱ्या धनीरामच्या हातात ऐन वेळेला हत्यारच नव्हतं, त्या दिवसाची.

अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब तुम्ही पाहिला असेल. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली तोटी. आमच्या एका जिल्ह्याचे दोन झाले, घरोघरी गिझर आले, तरी पवनीत, आसगावात, पार सानगडीपर्यंत बंब काही विझले नाहीत. आणि बंबाचं दुखणं नेमकं अशा जागी, जिथं हात म्हणून पोचत नाही. म्हणून धनीरामनं हत्यारंही तशीच जमवली होती. बगळ्याच्या चोचीसारखी लांब नाकाची पक्कड, मान वाकवलेला पाना, सायकलच्या तारेची आकडी, छत्रीच्या काडीला बांधलेला इवलासा आरसा. तो म्हणायचा, "देवानं हात दिला, पण कोपर एकच दिलं. बाकीचे कोपरं आपणच करा लागते."

खंडेनवमीला ही सगळी मंडळी धुऊन-पुसून पाटावर बसायची. हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा बसली की दसऱ्याची पूजा होईस्तोवर उठायची नाहीत. वडिलांपासूनचा नेम. धनीराम कीर्तनात टाळ धरायचा. नेमाच्या बाबतीत मोठा कडक.

त्या नवमीला फुलं वाहून तो हात जोडतच होता, तर अंगणातून आवाज आला.

"धनीराम भाऊ, घरी आहा का जी?"

विणकर आळीतल्या राधाबाई होत्या. पदर गळ्याशी घट्ट धरलेला. धनीरामची बायको कुंताबाई पाट पुढं करायला गेली, तर त्या बसेनात.

"माहं मंगळसूत्र वाढलं," त्या म्हणाल्या. तुटलं असं आपल्यात म्हणत नाहीत, तोंड धजत नाही. "बंबात पाणी ओतून राहिली होती. दोरा जुना. वाकली, अन सारंच्या सारं आत गेलं."

"मग तोटीतून पाणी सोडा न, काकू."

"सोडलं. पाणी आलं, ते नाही आलं."

राधाबाईंचे यजमान गोपाळराव नागपूरच्या दवाखान्यात होते. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन, त्याच दुपारी. मुलगा अंकुर त्यांच्याजवळ. राधाबाईही जायच्या, पण घरी घट बसलेले. देवीला एकटी सोडून कशा जातील? नऊ दिवसांचा उपास त्या दिवशी सुटायचा होता.

कुंताबाई म्हणाली, "तोवर हळकुंड बांधा न काकू, पिवळ्या दोऱ्यात."

"बांधलं बाई. हे पाह्य." त्यांनी पदर जरासा सोडला. "पण तिकडं त्याईले टेबलावर घेतीन, अन इकडं माह्या गळ्यात हळकुंड? मन नाही मानत. गळ्यात आल्याबिगर मी पाण्याचा घोटही नाही घेत."

धनीरामची नजर हत्यारांच्या पाटाकडं गेली. राधाबाईंची नजर त्याच्या नजरेमागं गेली.

"नाही जी! ते उठवू नका. माह्यापायी तुमची पूजा मोडली त ते मंगळसूत्र मले गळ्यात जड होईन."

धनीराम उठला. मग चप्पल घालत म्हणाला, "बरं. चला. हात त काही बसवले नाही पूजेले."

राधाबाईंचा बंब न्हाणीच्या ओट्यात सिमेंटनं पक्का बसवलेला. चोर नेईल म्हणून गोपाळरावांनी स्वतः बसवला होता, असा की आता गोपाळरावांनाही हलेना. उलटा करून झटकायची सोयच नाही. धनीरामनं वरचं झाकण काढून हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि अडकला. बोटांची सालटी निघाली. मोबाइलचा उजेड पाडला, तेव्हा खोल खाली, विस्तवाच्या नळीच्या पलीकडं क्षार साठले होते तिथं, काळ्या मण्यांची गुंडाळी दिसली.

"दिसते काय जी?"

"दिसते. पण हाताले लागत नाही."

त्यानं घरात पाहिलं. पुढच्या खोलीत हातमागाला हार घातलेला, धागा ओढायच्या बारीक आकड्याही फुलांत बसलेल्या. शेजारच्या सायकलवाल्याकडं डोकावून आला. तिथंही पाने-पकडींवर कुंकू. पवनीतलं सगळं लोखंड त्या दिवशी देव झालेलं.

धनीराम ओट्यावर टेकला. दुपार जवळ येत होती. राधाबाईंचा हळकुंडावरचा हात काही सुटत नव्हता. त्याला एका कीर्तनातलं बुवांचं बोलणं आठवलं : नेम म्हणजे कुंपण. देवाला आत ठेवायला घालायचं, माणसाला बाहेर ठेवायला नव्हे. तो उठला.

"काकू, मी जातो अन हत्यारं आणतो. माफी मागीन देवाजवळ. एवढं त त्याले समजते."

तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. राधाबाई धावल्या, तव्यावरची नैवेद्याची पोळी उलटली आणि तशाच हातातला चिमटा नाचवत बाहेर आल्या.

"आणाल त मी दारच लावून घेईन! सांगून ठेवते!"

पण धनीराम त्यांच्या तोंडाकडं पाहतच नव्हता.

"काकू, हातात काय होय?"

"हे? चिमटा. काहून?"

"हा नाही बसवला पूजेले?"

"याले कोण बसवते?" राधाबाई चिडूनच म्हणाल्या. "हा बसला त देवीचा नैवेद्य कोण करीन? तुमी?"

आणि बोलता बोलता त्याही चिमट्याकडं पाहू लागल्या.

मग काय विचारता! लांब, चपटा, दोन बोटांएवढा बारीक. धनीरामनं ओट्याच्या काठावर दाबून त्याची मान वाकवली. राधाबाईंनी कुंकवाच्या पेटीतला आरसा काढला, पळीच्या दांड्याला चिंधीनं बांधला. एकानं आरसा धरायचा, एकानं चिमटा. उलथन्याच्या टोकानं क्षार खरवडला, मणी सैल झाले, आणि दोऱ्याचं टोक चिमट्यात आलं. हळूहळू, श्वास न घेता, धनीरामनं ते वर ओढलं.

काळे मणी आले. पण सोन्याची एकच वाटी आली. दुसरी, सासरची, खाली तांब्याच्या तळावर पालथी पडलेली. चिमटा तिला धरायला जाई आणि ती सरके.

"गुळगुळीत हाय ना," धनीराम घाम पुसत म्हणाला. "पकडाले जागाच नाही."

राधाबाई आत गेल्या. येताना घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन आल्या.

"काच फुटली की आमी बारीक तुकडे यानंच उचलतो," त्या म्हणाल्या. "लावा टोकाले."

"मी एवढे वर्षं बंबात हात घालून राहिलो, मले नाही सुचलं."

"तुमी कधी काच झाडली काय घरात?"

धनीराम हसला. चिमट्याच्या टोकाला कणीक दाबली, आरशात पाहत खाली नेली, वाटीवर टेकवली, धरून ठेवली. वर आणली तेव्हा कणकेत ती छोटी वाटी रुतून बसलेली.

राधाबाईंनी ती धुतली, देवीपुढं ठेवली, नव्या दोऱ्यात ओवली. गळ्यात बांधत होत्या तोच फोन वाजला. अंकुर म्हणाला, "आई, बाबाले आता आत घेऊन राहिले."

"नेऊ दे," राधाबाई म्हणाल्या. आवाज शांत होता. "मी आता जेवते."

गोपाळराव संध्याकाळी शुद्धीवर आले आणि आधी चहा मागितला. देवीची कृपा, डॉक्टरांचा हात. माझी त्यावर आणखी काही बडबड नाही.

धनीराम घरी आला तेव्हा कुंताबाई चुलीपुढं होती. तो पाटापुढं बसला, उठला, परत बसला. मग म्हणाला, "तुहा चिमटा दे बरं. इथं बसवतो."

"बसवा," कुंताबाई म्हणाली. "अन रातच्या पोळ्या तुमी बोटानं उलटा."

तिचं खरं होतं. तो कुंकवाचं बोट घेऊन चुलीपाशी गेला. तिनं चिमटा पुढं केला, पण सोडला नाही.

"लावा लवकर. तवा तापला."

तर मायबाप, एवढंच मागणं. येत्या नवमीला हत्यारांवर फुलं वाहाल, घरभर सुट्टी असेल, तेव्हा जिचं हत्यार अजून तव्यावर चालू आहे तिची आठवण असू द्या.