समुद्र सरळ, सासू अख्खी

सुनेच्या फोटो स्टुडिओत दर्शनी भिंतीवर आम्हा घरच्या सगळ्यांचा समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो लागणार होता. तो काढलेला माझ्या लेकाने, त्यामुळे मागचा समुद्र एका बाजूला कलंडलेला. सुनेने कॉम्प्युटरवर फोटो फिरवून समुद्र सरळ केला, तर चारही कोपरे रिकामे पडले. ते छाटायला गेली आणि कडेला उभी असलेली मी खांद्यापासून उडाले.

"आई, समुद्र वाकडा टांगला तर गिऱ्हाइकं हसतील."

"आणि सासू कापलेली बघून टाळ्या वाजवतील? वाकडा काढला तुझ्या नवऱ्याने, खांदा माझा का जावा?"

ती कपाळाला हात लावून बसली. मी चौथीपर्यंतच शिकले, पण उभा जन्म शिवणकामात गेलाय. म्हटलं, "कापड कमी पडलं तर आपण जोड लावतो. एवढी वाळू पसरलीय, तिचाच तुकडा कोपऱ्यात जोड की."

"अगंबाई, गिऱ्हाइकांच्या फोटोत तर रोज जोडते. घरच्या फोटोत सुचलंच नाही."

तिने माझ्या पायाशी वाळू जोडली, वर आभाळ जोडलं. मी चष्मा लावून शिवण शोधली, सापडली नाही.

"बरं जमलंय," मी म्हटलं. माझ्या तोंडून एवढं निघालं, हे ती चार दिवस सगळ्यांना सांगत होती.