खळ्याची बाजू

बाटली काळी पडली तेव्हा दक्षाला आधी वाटलं, लेबलच चुकीचं लागलंय.

सात पाड्यांचं पाणी सात बाटल्यांत भरून लॅबच्या खिडकीत मांडलं होतं. या बाटल्यांत आधीच औषध असतं. पाण्यात मैला मिसळला असेल तर एक-दोन दिवसांत बाटली शाई ओतल्यासारखी काळी होते, नसेल तर होती तशी राहते. स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा हा प्रोजेक्ट, विहिरींच्या पाण्याचा. सायवनच्या अलीकडचा आपला सासरचा पाडा दक्षाने त्यात घेतला तो मुद्दाम. बाकीच्यांशी ताडून बघायला एक चांगलं पाणी हवं, म्हणून. आणि नेमकी तीच बाटली सगळ्यांच्या आधी काळी पडली.

"अदलाबदल झाली असेल," उमेश म्हणाला. हा तिचा प्रोजेक्टमधला जोडीदार, मोठं बंदर येऊ घातलेल्या वाढवणचा, मच्छीमाराघरचा पोरगा. "पुन्हा भरू. तू आधी चेहरा सरळ कर. टेन्शन घ्यायचं तर मी घेतलं पाहिजे. सिव्हिल शिकतो म्हटलं की गावातले म्हातारे विचारतात, शिकून आमच्याच छाताडावर बंदर बांधणार काय रे?"

एरवी ती हसली असती. आत्ता तिला फक्त चिमीचा स्टीलचा पेला दिसत होता.

चिमी तिची लेक, अडीच वर्षांची. आठवडाभर दक्षा हॉस्टेलला आणि पोर सासूपाशी. नवरा मिथुन उंबरगावच्या बाजूला कंपनीत, शिफ्ट सोडेल तेव्हा घरी. फोन लागला की दक्षा सासूला पहिलं तेच विचारायची, शी कशी झाली, पातळ की घट्ट? सासू, रखमी, वैतागायची. "तू तिथं इंजिनेर होतेस का पोरीच्या ढुंगणाची वैद्य?"

दुसऱ्यांदा भरलेली बाटलीही काळी पडली. गाइड सर म्हणाले, "आसपास संडासांचे शोषखड्डे असतील. मीठ टाकून बघा. खड्ड्यातलं मीठ विहिरीत उतरलं, तर बाकीचंही उतरतंय."

दक्षाला सगळे खड्डे पाठ होते. पहिला तिचाच होता.

लग्नाच्या वेळी तिने एकच अट घातली होती, घरी संडास पाहिजे. सासरा बाबल्या हो म्हणाला. पण जागा कुठली? घराच्या खालच्या अंगाला उतार, जमीन मऊ, विहिरीपासून लांब. तिथेच बांधायचं असं तिच्या मनात होतं. पण खालच्या अंगाला खळं. भात तिथे झोडपतात, नाचणी तिथे मळतात, पहिल्या राशीची पूजा तिथेच होते.

"खळ्याच्या बाजूला नको," बाबल्या म्हणाला होता. "तिथं कणसरी येते. धान्याच्या देवीला आपण हागणदारी दाखवायची?"

तो रागाने बोलला नव्हता, समजुतीने बोलला होता. दक्षालाही ते पटलं. तीही खळ्यावर चप्पल काढणाऱ्या घरातलीच लेक. मग घराच्या वरच्या अंगाला, विहिरीच्याही वर, जागा ठरली. तिने टेप धरून विहिरीपासूनचं अंतर मोजलं, पुस्तकात दिलंय त्याहून थोडं जास्तच ठेवलं, आणि स्वतः नकाशा काढून दिला. नव्या सुनेने नकाशा काढला याचं पाड्यात केवढं कौतुक! पुढे योजनेत बाकीच्यांचे संडास आले तेव्हा सगळे म्हणाले, दक्षाने जिथं काढलाय त्याच रांगेत खणा, ती शिकलेली आहे.

पुस्तकातलं अंतर मातीचं होतं. माती पाणी गाळते. पाड्याच्या वरच्या अंगाला हातभर मातीखाली काळा दगड, आणि दगडाला भेगाच भेगा. भेग काही गाळत नाही, नुसती वाट देते. हे ती शिकली तिसऱ्या वर्षात, परीक्षेत लिहिलं, मार्कही मिळाले. पण आपल्या पाड्याचा दगड तिला त्या उत्तरात दिसला नाही.

शनिवारी ती मिठाची गोणी घेऊन आली. उमेश पाण्याचा खारेपणा मोजायचं मीटर घेऊन मागोमाग. खड्ड्याच्या झाकणाशी बसून दोघं बादलीत मीठ कालवत होते, तेव्हा रखमी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"कुणाची नजर काढतेस गो एवढ्या मिठानं?"

"खड्ड्याची, आई."

"त्याला कोण नजर लावणार?" रखमी हसली, उमेशला म्हणाली, "तू पण इंजिनेर का? खाऊन जा बाबा. मीठ उरलं तर कालवणात घालते."

चिमी मधेच येऊन मिठात बोट घालून चाटायला लागली. दक्षाने तिचा हात एवढ्या जोरात ओढला की पोर भोकाड पसरून रडली.

रविवारी दुपारी विहिरीवरच्या मीटरचा आकडा चढला. उमेशने तो दोनदा पाहिला आणि मीटर तिच्या हातात दिलं. त्या आकड्याचा अर्थ त्याला कळला होता, आणि त्यामागे दक्षाला कोण दिसत होतं तेही त्याला माहीत होतं.

गंगी. दक्षाची चुलत जाऊ, घर अगदी लागून. गेल्या भादव्यात गंगीचं आठ महिन्यांचं पोर जुलाबांनी गेलं. दवाखान्याची गाडी येईतो अंगातलं पाणी संपलं होतं. दक्षाने तेव्हा गंगीला मांडीवर घेतलं होतं. "काय खाल्लं होतं गो त्यानं," असं गंगी रात्रभर विचारत राहिली. खाणार काय, दूध आणि पाणी.

घरात बोलणं निघालं ते जेवताना. दक्षाने सगळं सांगितलं. बाबल्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे आपल्या संडासामुळे?"

"आपल्या आणि त्या रांगेतल्या सगळ्यांच्या. पण रांग मी आखली, बाबा."

"जागा मी सांगितली." त्याने ताट बाजूला सारलं. "खळ्याच्या बाजूला नको, मीच म्हटलं. आता कुणाला बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ."

रखमी म्हणाली, "उकळून प्या म्हणावं सगळ्यांना. कारण कशाला सांगायचं? गंगीला तर मुळीच नको. तिला आत्ता कुठं जेवण जायला लागलंय. मेलेलं पोर परत येतं का सांगून?"

दक्षालाही तेच हवं होतं. कुणीतरी म्हणावं, नको सांगूस, आणि आपण गप्प राहावं. सोमवारी ती कॉलेजला गेली नाही. घरोघर फिरून सांगितलं, पाणी उकळून प्या. लाडकी नावाची म्हातारी म्हणाली, "उकळायला चुलीत घालायची फाटी तू आणून देशील का? उकळलेल्या पाण्यानं मढ्याला न्हाऊ घालतात, बाय." दुसऱ्या एका घरात नुसतंच हसले. मिथुनला फोन केला तर तो म्हणाला, "चिमीला बाटलीचं पाणी आणू. बाकीचं तू ठरव." म्हणजे आपल्या पोरीला विकतचं आणि बाकीच्यांच्या पोरांना ते. फोन ठेवून ती अंगणात उभी राहिली. समोर गंगीची मोठी पोर, रूपी, माठातून तांब्याने घटाघट पाणी पीत होती. हनुवटीवरून ओघळ फ्रॉकवर.

मंगळवारी सकाळी, विहिरीवर सगळ्या बाया जमल्या असताना, ती कठड्यापाशी गेली. काळी बाटली पदराखाली होती. बाहेर काढली.

"हे आपलं पाणी," ती म्हणाली. मग मीठ, भेगा, रांग, सगळं सांगितलं. साध्या शब्दांत, न थांबता. थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. "नकाशा माझा होता. चूक माझी."

दोर अर्ध्यावर धरून एक बाई तशीच उभी राहिली. लाडकी म्हातारी खाली बसली. गंगी पुढे आली, बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरून बघितली.

"भादव्यात असंच होतं पाणी?"

"भादव्यातलं मी तपासलं नाही, वहिनी."

"म्हणजे माझं पोर यानंच गेलं का?"

"नाही सांगता येत."

"तुझ्या कॉलेजातलं कुणी सांगेल?"

"नाही. आता कुणालाच नाही सांगता येणार."

गंगीने बाटली कठड्यावर नीट ठेवली, पडू नये अशी. "मग मला हे कशाला दिलंस गो?" ती म्हणाली. भरलेला हंडा तिने उचलला, कठड्यापासून लांब नेऊन जमिनीवर ओतला आणि रिकामा घेऊन नदीच्या वाटेला लागली. एकेक करून सगळ्यांनी हंडे ओतले. पाणी उतारावरून घरांच्या मधून खाली गेलं, खळ्यापर्यंत.

दुपारपर्यंत बाबल्याने करवंदीची काटेरी डहाळी तोडून विहिरीच्या तोंडावर टाकली. संडासांना कड्या लागल्या. रखमी या वयात पुन्हा टमरेल घेऊन करवंदीच्या जाळ्यांमागे जायला लागली, जाताना दगडावर काठी आपटत, जनावर असेल तर सरकावं म्हणून. दक्षाला कुणी वाकडं बोललं नाही. फक्त ती दिसली की बोलणं थांबायचं.

व्हायवा महालक्ष्मीच्या जत्रेच्या आधी होती. प्रोजेक्टच्या रिपोर्टात खड्डे हलवायची शिफारस होती, पाड्यासाठी टाकीचा नकाशा होता. ग्रामपंचायतीला अर्ज दिला होता. तो कधी हलेल ते कुणाला माहीत? तोवर नदी.

पुढच्या रविवारी चिमी हट्ट करून तिच्याबरोबर नदीला आली. मार्च सरत आलेला, नदीला धार नव्हती. बायांनी वाळूत झिरा खणला होता, गुडघाभर खोल खड्डा. त्यात पाणी पाझरतं, मग करवंटीने हळूहळू हंड्यात भरायचं. रांग मोठी होती. दक्षा शेवटी उभी राहिली. उन्हाने चिमीचं तोंड लाल झालं.

"आई, पाणी."

"घरी गेल्यावर, सोन्या."

"आत्ता."

झिऱ्याशी गंगी वाकली होती. तिने आवाज ऐकला. वळून दक्षाकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून तिने एकदाही पाहिलं नव्हतं. पण तिने करवंटी भरली, चिमीकडे केली आणि म्हणाली, "ये."

चिमी धावत गेली. वरच्या अंगाला, वळणापलीकडे, कुणाच्या तरी म्हशी पाण्याशी उतरलेल्या दिसत होत्या. दक्षाचा हात पुढे झाला आणि तसाच राहिला. गंगीने आपण होऊन काही देणं, तेही तिच्या पोरीला, आणि त्यावर हात मारायचा?

चिमीने दोन्ही हातांनी करवंटी धरली. गंगी एका हाताने खालून आधार देत होती, दुसऱ्याने पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. पाणी स्वच्छ दिसत होतं. विहिरीचंही दिसायचं.

दक्षाच्या पिशवीत तपासणीची एक कोरी बाटली होती. या पाण्याने ती अजून भरलेली नव्हती. ती पिशवी घट्ट धरून उभी राहिली आणि पोरीच्या गळ्यातून उतरणारा एकेक घोट बघत राहिली.